भाड्याचं ऑक्सिजन मशीन, सक्शन, बबल गादी: सोलापुरात मिळणारं रुग्णसाहित्य, आईच्या झोपेच्या मापानं

गंभीर आजारी लेकराला दवाखान्यातून घरी सोडतात तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर तीनच ओळी असतात. घरी ऑक्सिजन १ लिटर, गरजेप्रमाणे सक्शन (म्हणजे मशीननं नाका-घशातला कफ ओढून काढणे), दर २ तासांनी कूस बदलणे. कागद घेताना कुणी हिशोब घालत नाही. दर २ तासांनी म्हणजे दिवसाला १२ वेळा, त्यातल्या चार वेळा रात्री १० ते सकाळी ६ मध्ये. मधेच एखादं सक्शन, २ वाजताचा औषधाचा डोस, नाकातली नळी सरकली का ते चाचपून बघणं. आईची सलग झोप दीड तासाच्या वर जात नाही, आणि हे महिनोन्महिने चालतं. अशा घरातली चिडचिड, जेवताना मधेच ताट सारणं, नवऱ्याशी उडणारे खटके, दुसऱ्या लेकरावर उगाच उठलेला हात, या सगळ्याला लोक ‘मनाला लागलंय तिच्या’ म्हणून मोकळे होतात. मनाला लागलेलं असतंच. पण त्यातला बराचसा वाटा झोपेचा असतो, आणि तेवढा तरी हातात असतो.

म्हणून इथं माप एकच: वस्तू घरात आल्यावर आईला सलग किती तास मिळतात. तुकड्यातुकड्यांत मिळालेले सहा तास आणि सलग चार तास यात सलग चार केव्हाही बरे.

साहित्य म्हणाल तर सिव्हिलच्या आसपास, डफरीन चौक, रेल्वे लाईन्स, होटगी रोड या भागातल्या सर्जिकलच्या दुकानांतून महिन्याच्या भाड्यानं मिळतं ते. दुकानांची नावं मुद्दाम देत नाही. एकाच दुकानातून निघालेली दोन मशीन सारखी नसतात, तेव्हा दुकान चांगलं म्हणून मशीन चांगलं असं होत नाही.

सगळ्यात मोठा खर्च आणि सगळ्यात मोठी धास्ती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची. हवेतला नायट्रोजन झिओलाइटच्या दाण्यांत अडकवून उरलेला ऑक्सिजन नळीतून सोडायचा, एवढंच त्याचं काम. चांगलं ५ लिटरचं मशीन पूर्ण ५ लिटरवरही ९३ टक्क्यांच्या आसपास शुद्धता देतं, तीन टक्के इकडंतिकडं. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये, कोविडच्या लाटेत, बाजारात मिळेल ते मशीन आलं. त्यातल्या काहींवर मोठे आकडे छापलेले होते, पण १ लिटरच्या वर गेलं की शुद्धता घसरत जायची. तसली अजूनही भाड्याच्या साठ्यात फिरतात. म्हणून दुकानातच मशीन १५ मिनिटं चालवायला लावा आणि ऑक्सिजन अ‍ॅनलायझरनं आकडा दाखवायला सांगा. अ‍ॅनलायझर नाही म्हणणाऱ्याकडून मशीन घेऊ नये. मशीनवर तासांचं मीटर असतं, तेही वाचा. किती तास चाललंय याइतकंच मधे किती महिने कोपऱ्यात पडून होतं हेही विचारा, कारण दमट हवेत पडून राहिल्यानंही झिओलाइट खराब होतं.

लहान लेकरांच्या बाबतीत आणखी एक अडचण. नेहमीच्या फ्लोमीटरवर, म्हणजे ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर, पहिली खूण अर्ध्या लिटरची असते. तान्ह्या बाळाला पाव लिटर लिहून दिलं असेल तर गोळी अंदाजानं खाली ओढून चालत नाही, कमी प्रवाहाचा वेगळा फ्लोमीटर लागतो. तो मागून घ्या. नळीही लेकराच्या मापाची हवी. मोठ्यांची नळी कापून, चिकटपट्टीनं बसवून वापरतात, तिची टोकं नाकपुडी पूर्ण भरून टाकतात आणि आतून कातडी सोलते. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलिन किंवा तेल लावू नका, ऑक्सिजनजवळ तेलकट काही नको. पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती लावा.

आता सोलापूरचं ऊन. यातल्या बहुतेक मशीनच्या पुस्तिकेत चालवायची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ वर जातो, आणि पत्र्याच्या घरात दुपारी बाहेरच्यापेक्षा जास्त तापतं. शिवाय मशीन स्वतः पाठीमागून गरम हवा फेकतं. ३५० वॅटची शेगडी खोलीत ठेवल्यासारखंच ते. भिंतीला चिकटवून ठेवलं, वर कपडा टाकला, कॉटखाली सारलं, की दुपारी दोनच्या सुमारास अलार्म ठरलेला. भिंतीपासून किमान एक फूट मोकळं ठेवा. त्याहून उत्तम म्हणजे मशीन बाहेरच्या खोलीत किंवा बोळात सावलीला ठेवून लांब नळी आत आणा. बहुतेक ५ लिटरची मशीन १५ मीटरपर्यंतची नळी खपवून घेतात, तरी पुस्तिका बघा. सबंध घरासाठी ७ मीटर पुरते. या एका बदलानं खोलीतली घरघरही जाते. झोपेच्या मापानं बघाल तर ही ७ मीटरची नळी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणाची. एकच सांभाळायचं: बाहेरचा अलार्म आत ऐकू आला पाहिजे, आणि नळी दाराच्या फटीत किंवा कॉटच्या पायाखाली चेपता कामा नये.

नळी चेपली का, ऑक्सिजन येतोय का, ही शंका रात्रीतून दहा वेळा येते आणि दर वेळी आईला उठवते. त्यावर पाणी भरलेला पेला उशाशी ठेवा. नळीची टोकं त्यात बुडवली की बुडबुडे दिसले पाहिजेत. पाच सेकंदांत उत्तर मिळतं. टोकं पुसून परत नाकात. ही शंका मनातली मनात घोळवत पडलं तर झोपेची वाट लागते, पेल्यात बघितलं की सुटते.

फिल्टरचं गणित सोलापुरात वेगळं आहे. कंपनी म्हणते बाहेरचा स्पंजचा फिल्टर आठवड्यातून एकदा धुवा. पूर्व भागात खाली यंत्रमाग आणि वर घर असेल तर सुताचे तंतू आठवड्याची वाट बघत नाहीत. एक दिवसाआड काढून बघा. साबणाच्या पाण्यात धुवा, पिळा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. एक जोड जादा मागून घ्या, म्हणजे वाळेपर्यंत मशीन थांबत नाही. ज्या घरात विड्या वळतात तिथं आणखी अवघड. तंबाखूची धूळ फिल्टरमध्येही बसते आणि आधीच दमलेल्या छातीतही जाते. सूप त्याच खोलीत ठेवून लेकराकडं लक्ष ठेवता येतं हे खरं, आणि हजार विड्यांची मजुरी सोडा असं सांगणं फार सोपं आहे. निदान सूप दाराबाहेर, मशीनच्या हवा ओढायच्या बाजूपासून दूर, आणि पाला-तंबाखू झाडायची तर अंगणात. देवापुढचं निरांजन, उदबत्ती, गॅस हे सगळं ऑक्सिजनपासून दहा फूट लांब हवं. एका खोलीच्या घरात दहा फूट निघत नाहीत. तिथं दिवा बॅटरीचा लावा, आजीला आधी समजावून. न सांगता निरांजन उचललं की त्या घरात नवीनच भांडण उभं राहतं.

ऑक्सिजनला ओलावा देणारी पाण्याची बाटली मशीनला असते, तिच्यात बोअरचं पाणी घालू नका, बुडाला पांढरा थर बसतो. उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड घाला आणि रोज बदला. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून कालचंच राहू दिलं की बाटली बुळबुळीत होते. कमी प्रवाहावर बाटलीची गरजही नसते कधीकधी, डॉक्टरांना विचारून काढून टाकता आली तर एक काम कमी होतं.

वीज. ३५० वॅटचं मशीन २४ तास चाललं की दिवसाला साधारण साडेआठ युनिट, महिन्याला अडीचशे. ज्यांचं बिल कायम १०० युनिटांच्या आत असायचं ते थेट वरच्या टप्प्यात जातात. भाड्याचा हिशोब सगळे करतात, बिलाचा कुणी करत नाही, आणि मग दुसऱ्या महिन्यात ‘दुपारी जरा बंद ठेवू’ असं सुरू होतं. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, पण डॉक्टरांना जरूर विचारा. काही लेकरांना फक्त झोपेत आणि दूध पितानाच ऑक्सिजन लागतो. ‘बिल परवडत नाही’ हे वाक्य ओपीडीत बोलायची लाज वाटते म्हणून घरातल्या घरात बटण दाबलं जातं. यात धोका लेकराचा, आणि अपराधी वाटून घ्यायला पुन्हा आईच.

लाईट गेली तर काय, याची तयारी दुकानदारावर सोडू नका. घरच्या इन्व्हर्टरला १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी असेल आणि दुसरं काही चालू नसेल तर मशीन साधारण तीन तास निघतं. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर कॉम्प्रेसर गुरगुरतो आणि तापतो. एक्स्टेन्शन बोर्डावर मशीन लावायचं नाही. त्यामागं बी टाईपचा एक सिलिंडर भरून ठेवा. त्यात सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन मावतो, १ लिटरच्या प्रवाहावर हिशोबानं २५ तास. तुम्ही २० धरा. फ्लोमीटर आधीच बसवून, घट्ट आहे का बघून ठेवा आणि सिलिंडर साखळीनं भिंतीला किंवा कॉटला बांधा. चावी सिलिंडरच्या गळ्यातच दोरीनं अडकवा. अंधारात सिलिंडर समोर असतो, मोबाईलची बॅटरी चालू असते आणि चावी सापडत नाही, हा प्रकार इतका नेहमीचा आहे की दुकानदारांनीच ती बांधून द्यायला हवी. देत नाहीत. महिन्यातून एकदा भरदुपारी, सगळे जागे असताना, मशीन बंद करून सिलिंडरवर जायची तालीम करा, म्हणजे कडी, नट, चावी हाताला ओळखीची होतात. ही तालीम करणाऱ्या घरांत लाईट गेल्यावर आरडाओरडा होत नाही. महावितरणचा तक्रारीचा १९१२ नंबर मशीनवरच चिकटवून ठेवा.

कॉन्सन्ट्रेटर नीट लावला तर झोपेत भर पडते. सक्शन मशीनचं तसं नाही. ते चांगलं असो की वाईट, उठावं लागतंच. तिथं प्रश्न वेगळा आहे, आणि या साहित्यात मनाला सगळ्यात जास्त कुरतडणारी वस्तू हीच.

आधी यंत्र. नळी बोटांनी चिमटली की मशीनवरच्या दाबाच्या घड्याळाचा काटा चढला पाहिजे. चढला नाही तर बऱ्याचदा दोष मोटरीचा नसतो. बरणीचं झाकण तिरकं बसलेलं असतं, झाकणातलं रबर वाळलेलं असतं किंवा मधला छोटा गोल फिल्टर ओला होऊन बंद पडलेला असतो. घेताना दोन जादा फिल्टर आणि एक रबर मागून घ्या. दाब तान्ह्याला ६० ते ८०, मोठ्या लेकराला ८० ते १०० मिलिमीटर, जास्त लागेल तर डॉक्टरांनी सांगितल्यावरच. मशीन सहसा मोठ्या माणसाच्या दाबावर ठेवलेलं येतं, नॉब न बघता वापरलं की नाकातून रक्त येतं. कॅथेटरचा, म्हणजे आत घालायच्या बारीक नळीचा, नंबर डिस्चार्ज कागदावरचाच घ्या. आत घालताना बाजूच्या भोकावर अंगठा ठेवायचा नाही, बाहेर काढताना ठेवायचा, बोटांत फिरवत काढायचं, आणि सगळं दहा सेकंदांत. बरणीत आधीच दोन बोटं पाणी घातलं की चिकट कफ बुडाला धरत नाही. दोन तृतीयांश भरली की रिकामी करा, काठोकाठ भरली तर पाणी मोटरीत जातं आणि मग डिपॉझिट विसरा. लाईटवर चालणाऱ्या मशीनबरोबर पायानं दाबायचा सक्शन पंप जरूर घ्या. दिसायला सायकलच्या पंपाचा भाऊ, पण लाईट गेल्यावर तोच कामाला येतो.

आता दुसरी बाजू. सक्शन करणारा हात आईचा असतो. लेकरू तोंड फिरवतं, हात झटकतं आणि काही आठवड्यांनी आई मशीनकडं नुसती वळली तरी रडायला लागतं. दवाखान्यात नर्सबाईंना घाबरायचं, घरी आईला. ‘माझ्याकडं येतच नाही आता’ हे वाक्य सक्शन, नाकातली नळी किंवा छाती थोपटायची फिजिओथेरपी घरी करणाऱ्या बहुतेक आयांच्या तोंडी कधी ना कधी येतं. बायका ते कुणाला सांगत नाहीत, कारण सांगण्याजोगं दुःख ते वाटत नाही. आजार मोठा, त्यापुढं हे काय.

यावर उपाय आहेत आणि ते लहान मुलांच्या वॉर्डात रोज वापरले जातात. झोपायच्या अंथरुणात सक्शन करू नका. खुर्ची, सतरंजी, मांडी, जे काही ठरवाल ती जागा वेगळी. अंथरूण ही सुरक्षित जागा, तिथं कुणी टोचत नाही हे लेकराला कळलं पाहिजे. चोरून, झोपेत धरून करू नका, सांगून करा. सांगायचे शब्द रोज तेच: ‘आता नळी, पाचपर्यंत मोजायचं.’ मोठ्यानं मोजा आणि पाचला खरंच थांबा. उरलेलं परत पाच मोजून. सहावर गेलात की लेकरू दुसऱ्या दिवशी मोजण्यावर विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या माणसानं हात धरायचे ते घट्ट आवळून धरायचे नाहीत, चादरीत गुंडाळून कुशीत घ्यायचं. झाल्यावर लगेच बरणी धुवायला पळू नका. दोन मिनिटं जवळ घ्या, बरणी कुठं जात नाही. आणि घरात एक माणूस असा ठेवा ज्यानं नळीला कधीच हात लावायचा नाही. बहुधा आजी. तिचं काम गोष्टी सांगायचं, तेलुगूत सांगितल्या तरी चालतील. शक्य असेल तर आठवड्यातून एक पूर्ण दिवस सक्शन बाबांनी करावं आणि त्या दिवशी आईनं नुसतं मांडीवर घ्यावं.

राइल्स ट्यूबचंही, म्हणजे नाकातून पोटात दूध घालायच्या नळीचंही तसंच, फक्त थोडक्यात. दर वेळी दूध घालण्याआधी पोटातलं पाणी ओढून पीएच पट्टीवर (आंबटपणा दाखवणाऱ्या कागदी पट्टीवर) बघा, ५.५ किंवा कमी हवं. हवा मारून पोटावर कान लावायची पद्धत भरवशाची नाही, तरी अजून शिकवली जाते. गाल आणि नळी जिथं मिळतात तिथं पेननं खूण करून ठेवा, रात्री ती खूणच सांगते. गोळ्या कुटून घातल्यानं नळ्या तुंबतात. कोमट पाणी हळू घाला, जोर लावू नका.

बबल गादी, म्हणजे पडून पडून अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून पंपावर चालणारी हवेची गादी, घ्यावी का? लेकरू पंधरा किलोच्या आतलं असेल तर बहुधा नको. भाड्यानं मिळतात त्या मोठ्यांच्या, पंपावरचा वजनाचा काटा चाळीस किलोच्या आसपास सुरू होतो. हलकं लेकरू फुग्यांवर तरंगतं किंवा दोन फुग्यांच्या खाचेत रुततं. मोठ्या मुलाला उपयोगी पडते, पण कूस बदलणं त्यानं सुटत नाही. लोक इथंच फसतात. आणि कृपा करून तिच्यावर सोलापुरी चादरीची दुहेरी घडी घालू नका. चादर आपल्या गावची शान आहे, पण त्या जाडीखाली गादीचा सगळा फायदा दबून जातो. एक पातळ सुती चादर, सैल. पंप कॉटच्या पायाकडच्या लाकडाला टांगा. जमिनीवर ठेवला तर फरशी गुणगुणते आणि खालच्या मजल्यावरचे विचारायला येतात.

ऑक्सिमीटरबद्दल स्पष्टच सांगतो: बोटाला लावायचा स्वस्त चिमटा लेकराच्या घरी नको. लहान बोटात तो सैल बसतो, हालचाल झाली, पाय गार असला, नखाला मेंदी असली की भलतेच आकडे दाखवतो. ८४ दिसतं, काळजाचं पाणी होतं, पुन्हा लावलं की ९५. घ्यायचाच तर लहान मुलांच्या प्रोबचा घ्या. आणि मोजायच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून आणा, म्हणजे सकाळी, संध्याकाळी, दूध पिताना आणि श्वास वेगळा वाटला तर. आकडा किती खाली गेला तर काय करायचं हेही त्याच कागदावर. असा कागद नसलेल्या घरात आई रात्रीतून तीस-चाळीस वेळा मोजते. त्यानं लेकराच्या तब्येतीत काही फरक पडत नाही, तिच्या फार पडतो. रात्रभर अलार्मवर लावायचा मॉनिटर असेल तर मर्यादा डॉक्टरांनी ठरवून द्याव्यात. कारखान्यातून आलेल्या मर्यादेवर तो दर वीस मिनिटांनी कोकलतो. मग आई एक तर तो बंद करते किंवा शांत असतानाही तिला तो ऐकू यायला लागतो. दुसरं झालेलं जास्त आढळतं.

रात्री २ च्या डोसचं यात ओघानं येतं. दिवसातून तीनदा लिहिलेलं प्रत्येक औषध काट्यावर आठ तासांनी लागतंच असं नाही. सगळ्या औषधांची यादी एका कागदावर मांडून डॉक्टरांना विचारा: यातलं काय रात्री ११ आणि पहाटे ५ ला बसवता येईल? फिटच्या औषधांच्या आणि मॉर्फिनच्या वेळा स्वतःहून हलवायच्या नाहीत. बाकीच्यांत बऱ्याचदा जागा निघते. या एका कागदानं सलग पाच तास मिळू शकतात, आणि त्याला भाडं नाही. मग पाळी लावता येते: एकानं १० ते ३, दुसऱ्यानं ३ ते ८. ज्याची पाळी नाही त्यानं दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी झोपायचं. एकाच खोलीत झोपून पाळी होत नाही, दोघंही जागेच असतात.

यंत्रं झाली. झोपेच्या मापानं पहिला नंबर मात्र यंत्राला जात नाही, रात्रीच्या मावशीला जातो. रुग्णसेवेला बायका पुरवणाऱ्या ब्युरोतून १२ तासांची पाळी मिळते, संध्याकाळी ८ ते सकाळी ८. महिनाभर परवडत नाही म्हणून लोक विचारच सोडून देतात. आठवड्यातून दोन रात्री घ्या. कुठल्या दोन, तर दवाखान्याच्या फेरीनंतरची एक, कारण त्या दिवशी सगळेच मोडलेले असतात, आणि दुसरी त्यानंतर तीन-चार दिवसांनी. ब्युरोकडं चार गोष्टी आधी ठरवा. ओळखपत्र आणि पोलिस पडताळणी. दर वेळी तीच बाई येणार का. तिनं लहान मुलांचं काम केलंय का, कारण म्हाताऱ्यांचं करणारी चांगली बाईसुद्धा लेकराला उचलताना बिचकते. आणि तिच्या कामाची यादी लिहून: कूस बदलेल, डायपर बदलेल, लंगोट धुणार नाही, सक्शन करणार नाही, अमुक दिसलं तर उठवेल. सक्शन न शिकलेल्या बाईकडून करून घ्यायचं नाही, तिनं ‘येतंय मला’ म्हटलं तरी. घरात तेलुगू किंवा कानडी चालत असेल तर ती भाषा येणारी बाई मागा, मिळते.

बिनसतं ते दोन ठिकाणी. पहाटे २ ते ४ मध्ये मावशीला डुलकी लागते. हे गृहीत धरा आणि रागावण्याऐवजी तिच्या मोबाईलमध्ये कूस बदलायच्या वेळेचे गजर लावून द्या, चहाचा थर्मास भरून ठेवा. दुसरं म्हणजे आईच झोपत नाही. पैसे मावशीला, जागरण आईला. पहिल्याच रात्री झोप लागेल ही अपेक्षा चुकीची आहे. आधी दोनदा दिवसा तीन-तीन तास मावशीला बोलवा, आई घरातच पण दुसऱ्या खोलीत. तिसऱ्यांदा आईनं बाहेर जावं, सिद्धेश्वरला जाऊन यावं, भाजी आणावी. मग रात्र. ‘आई असून दुसऱ्याच्या हाती दिलं’ असं बोलणारा पाहुणा त्या आठवड्यात घरी येणारच. त्याला एक रात्र पाळी द्या.

भावंडांना मशीनचा पहारेकरी करू नका. ‘लाल दिवा लागला तर सांग’ म्हणून नऊ वर्षांच्या पोरीला बसवलं की ती शाळेतही लाल दिवाच बघत असते.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना दवाखान्यात भरती असतानाच्या उपचारांसाठी आहे, घरच्या मशीनचं भाडं त्यातून निघत नाही. लेकराला सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, ओपीडी आणि थेरपीही त्यात येतात. डिस्चार्जच्या आधी वॉर्डातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, नंतर परत येणं होत नाही.

फोनवरच्या मदतीत टेलि-मानस. नंबर १४४१६. केंद्र सरकारची मोफत सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, २४ तास चालते, मराठीत बोलता येतं. पहिल्यांदा समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढं मानसोपचारतज्ज्ञाकडं जोडून देतात. लेकराच्या औषधाबद्दल तिथं विचारू नका, ते त्यांचं काम नाही. फोन करताना पहिल्याच वाक्यात सांगा: ‘घरी गंभीर आजारी मूल आहे, मी सांभाळते, झोप नाही.’ नाहीतर बोलणं घरातल्या भांडणापासून सुरू होतं आणि मुद्द्याला यायला वेळ जातो. रात्री तीनला, घरात कुणाला उठवायचं नसताना, बोलायला माणूस मिळतं हा त्याचा मोठा गुण. समोरच्यानं तुमचं घर पाहिलेलं नसतं, तुमच्या लेकराचा आजार त्याला ठाऊक नसतो, ही मर्यादा. दोन आठवडे झोपायची संधी मिळूनही झोप येत नाही, जेवण तुटलंय, कशातच जीव नाही, असं असेल तर फोनवर थांबू नका, ओपीडी गाठा. आणि ‘आम्ही दोघंही एकदाचं सुटू’ असा विचार एकदा जरी डोक्यात आला, तर त्याच मिनिटाला घरातल्या कुणाला तरी उठवा आणि १४४१६ लावा. असा विचार येणारी आई वाईट नसते, फार थकलेली असते, आणि ही वेळ लपवायची नाही.

शेवटी पावती, कारण दुकानांचा खरा कस तिथं लागतो. पावतीवर मशीनचा नंबर, मीटरवरचे तास, डिपॉझिट, भाड्याची तारीख आणि बिघडल्यास किती तासांत दुसरं मशीन मिळेल हे लिहून घ्या. रात्री फोन कोण उचलतो ते विचारा आणि त्याच दिवशी रात्री दहाला लावून बघा. बरेच जण इथंच नापास होतात. महिना संपायच्या आत मशीन परत केलं तर उरलेल्या दिवसांचे पैसे मिळणार का, हेही आधीच विचारून घ्या. लेकरू बरं होऊन मशीन परत जातं, तसंच कधी दुसऱ्या कारणानंही जातं. ते कारण दुकानदाराला कळलेलं नसतं, एक तारखेला तो सवयीनं भाड्यासाठी फोन करतो. म्हणून पावतीवर आईचा नंबर द्यायचा नाही. मामाचा किंवा काकाचा द्या. त्यालाच सांगून ठेवा, की वेळ आली तर दुकानात फोन करून माणूस त्यानं बोलवायचा, मशीन, बरणी, गादी, सिलिंडर स्वतः मोजून द्यायचं आणि डिपॉझिट नंतर कधीतरी जाऊन आणायचं. पाण्याचा पेला आणि नाकातली नळी दुकानाची नसते, ती घरातच राहते. ती काढायची की ठेवायची हे आईला ठरवू द्या, आणि विचारायची घाई करू नका.